संगणकाच्या बंदरावर : नव्या उपकरणाची नोंद कशी होते?

वाशिष्ठी नदी अरबी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर, दाभोळ हे गाव वसले आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील हे गाव आज लहान दिसते. परंतु बहामनी आणि पुढे आदिलशाही राजवटीत ते पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. इराण-अरबस्तानातील घोडे येथे उतरत आणि देशावरचा माल येथून परदेशी जाई. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी १५व्या शतकात हिंदुस्थानातून मायदेशी परत निघाला, तोही ह्याच बंदरातून.

कोणत्याही बंदराचे एक वैशिष्ट्य असते. जहाज केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून बंदरावरील माणसांना पाच कामे सदैव करावी लागतात : जहाज आले हे ओळखणे, ते कोणाचे आहे हे विचारणे, वहीत त्याचे नाव लिहिणे, त्यावरील मालाला कोणी हात लावावा हे ठरवणे, आणि ते निघून गेले की तशी नोंद करणे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेतील संगणकालाही नेमकी हीच पाच कामे करावी लागतात! त्याच्या बंदरात जहाजांऐवजी पेनड्राइव्ह, माउस, कळफलक, छपाईयंत्र आणि कॅमेरा ही उपकरणे येतात. ती चालू संगणकाला केव्हाही जोडली जातात व केव्हाही काढली जातात. ह्या ये-जा करणाऱ्या उपकरणांची व्यवस्था आपोआप ठेवण्याच्या पद्धतीला ‘गतिमान उपकरण-व्यवस्थापन’ म्हणतात. ‘लिनक्स’ ह्या संगणकप्रणालीत ही व्यवस्था कशी चालते, आणि तिच्यात नावाला एवढे महत्त्व का, ते आता पाहू.

उपकरण म्हणजे फाइल

लिनक्सचा आरंभ १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने केला. मात्र तिच्यातील पुष्कळ कल्पना ‘युनिक्स’ ह्या तिच्याहून जुन्या प्रणालीतून आल्या आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ पासून युनिक्स घडवली. त्यांची एक कल्पना फार सोपी व फार उपयोगी ठरली. ती अशी, की प्रत्येक उपकरण हे जणू एक फाइलच आहे असे मानावे. कळफलकाची फाइल वाचली की दाबलेली अक्षरे मिळतात. छपाईयंत्राच्या फाइलमध्ये लिहिले की कागदावर उमटते. ह्या सर्व खास फाइली एका कप्प्यात असतात. त्या कप्प्याचे नाव ‘डेव्ह’. ‘डिव्हाइस’ ह्या शब्दाचेच ते लघुरूप होय.

ह्या फाइलींत मजकूर नसतो. प्रत्येकीत असतात फक्त दोन अंक. पहिला मुख्य अंक. तो सांगतो की हे उपकरण कोणता ‘चालक’ हाताळील. चालक म्हणजे त्या जातीच्या उपकरणाची भाषा जाणणारा आज्ञावलीचा भाग, ज्याला इंग्रजी वळणाने ड्रायव्हर म्हणतात. दुसरा गौण अंक. तो सांगतो की त्या चालकाच्या हाताखालील उपकरणांपैकी हे कोणते. उदाहरणार्थ, ‘एसडीए’ ह्या चकतीचे अंक ८ व ०, तिच्या पहिल्या विभागाचे ८ व १, आणि ‘एसडीबी’ ह्या दुसऱ्या चकतीचे ८ व १६.

अठरा हजार नावांची वही

पूर्वी ह्या फाइली आधीच करून ठेवीत. पुढे-मागे कोणते उपकरण जोडले जाईल हे ठाऊक नसल्याने जगातील शक्य तेवढ्या सर्व उपकरणांची नावे ‘डेव्ह’ कप्प्यात मांडून ठेवावी लागत. २००३ च्या सुमारास ‘रेड हॅट ९’ ह्या लिनक्सच्या संचात अशी १८,००० हून अधिक नावे होती! बंदरात चार गलबते असताना अठरा हजार गलबतांची वही उघडून बसावे, तसाच हा प्रकार. कोणते उपकरण खरोखर जोडलेले आहे, हे ती वही पाहून कळतच नसे.

शिवाय अंकही अपुरे पडू लागले. त्या काळी मुख्य व गौण अंकांना प्रत्येकी ८ बिट एवढीच जागा होती. म्हणजे २ चा ८ वा घात, अर्थात २५६ अंक. लिनक्सच्या २.६ ह्या आवृत्तीत, २००३ च्या अखेरीस, मुख्य अंकाला १२ आणि गौण अंकाला २० बिट दिले गेले. आता किती अंक मिळाले, हे तुम्हीच काढा. (उत्तरे : ४,०९६ आणि १०,४८,५७६.)

पण केवळ अंक वाढवून वही सुटसुटीत होत नाही. रिचर्ड गूच यांनी ‘डेव्हएफएस’ नावाचा उपाय आधीच काढला होता, आणि २००१ साली आलेल्या २.४ आवृत्तीत तो उपलब्ध होता. त्यात लिनक्सचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, स्वतःच उपकरणांची नावे तयार करी. ह्यात एक अडचण होती. नाव काय असावे हा वापरणाऱ्याच्या सोयीचा प्रश्न, आणि तो निर्णय मात्र गाभ्यात पक्का बसलेला!

२००३ साली ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी, के सिव्हर्स व डॅन स्टेक्लॉफ यांच्या साहाय्याने, कामाची वाटणीच बदलली. गाभ्याने फक्त वर्दी द्यावी. नाव व हक्क ठरवण्याचे काम गाभ्याबाहेरच्या एका लहान सेवकाने, लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणे करावे. ह्या सेवकाचे नाव ‘यूडेव्ह’. २००६ मध्ये डेव्हएफएस गाभ्यातून काढून टाकण्यात आले. पुढे २००९ साली ह्या वाटणीत थोडी दुरुस्ती झाली : साधी मूळ नावे गाभा ‘डेव्हटीएमपीएफएस’ ह्या सोयीने झटपट मांडू लागला आणि हक्क, टोपणनावे व इतर कामे यूडेव्हकडे राहिली. आजही बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे.

वर्दी कशी पोचते?

आता एक पेनड्राइव्ह संगणकाला जोडला असे समजा. संगणकाला हे कळते कसे?

ह्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. यूएसबीच्या नेहमीच्या जोडणीत चार तारा असतात. दोन विजेसाठी व दोन माहितीसाठी. काहीही जोडलेले नसते तेव्हा माहितीच्या दोन्ही तारा शून्य व्होल्टच्या जवळ असतात. उपकरणात मात्र १.५ किलोओहमचा एक रोध बसवलेला असतो. तो त्यांपैकी एका तारेला सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत वर खेचतो. तार वर गेली की संगणकाने ओळखावे, धक्क्याला कोणीतरी लागले! पण तो लगेच बोलू लागत नाही. खोचताना टोके थरथरतात व जोड तुटक होतो. म्हणून निदान १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तो थांबतो.

नव्या उपकरणाला अद्याप पत्ता नसतो, म्हणून ते प्रथम ‘शून्य’ ह्या पत्त्यावर उत्तर देते. मग त्याला १ ते १२७ पैकी एक पत्ता मिळतो. पत्त्यासाठी ७ बिट असल्याने ह्याहून अधिक उपकरणे एका यूएसबी मार्गावर बसत नाहीत. त्यानंतर गाभा उपकरणाला त्याचा परिचय विचारतो : उत्पादक कोण, वस्तू कोणती, जात कोणती, अनुक्रमांक काय. उत्पादकाला व वस्तूला प्रत्येकी १६ बिटांचा सांकेतिक अंक असतो.

हा परिचय गाभा ‘सिसएफएस’ नावाच्या पाटीवर मांडतो आणि यूडेव्हला वर्दी देतो : ‘आले आहे, अमुक जातीचे, अमुक ठिकाणी.’ उपकरण काढले की दुसरी वर्दी जाते : ‘गेले.’

नियमांची पोथी

यूडेव्ह हा सेवक सतत जागा असतो. वर्दी आली की तो नियमांच्या फाइली उघडतो. प्रत्येक ओळीत एक नियम असतो आणि नियमाचे दोन भाग असतात : आधी अटी, मग कृती. सर्व अटी पटल्या तरच कृती होते.

समजा, शाळेच्या राखीव प्रतींसाठी असलेल्या चकतीचा नियम आपण मराठीत उतरवला, तर तो असा दिसेल :

उपव्यवस्था == ‘साठा’, अनुक्रमांक == ‘४५१७’, विभाग == ‘१’, टोपणनाव += ‘शाळेचा-साठा’

(प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत आणि ठरवून दिलेल्या रूपातच लिहावे लागतात.) चिन्हांकडे नीट पाहा. दोन बरोबर-चिन्हे म्हणजे ‘असे आहे का?’ हा प्रश्न. एकच बरोबर-चिन्ह म्हणजे ‘असे कर’ ही आज्ञा. अधिक-बरोबर म्हणजे ‘आहे त्यात भर घाल’. प्रश्नाच्या जागी एकच बरोबर-चिन्ह पडले की अट उरतच नाही. नियम बिघडण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

फाइली वाचण्याचा क्रम शब्दकोशासारखा, म्हणजे एकेका अक्षराने ठरतो. म्हणून फाइलींच्या नावांआरंभी १०, ५०, ९९ असे अंक घालतात. येथे एक गंमत आहे : ‘१००’ ने सुरू होणारी फाइल ‘९९’ च्या आधी वाचली जाते! कारण पहिले अक्षर ‘१’ हे ‘९’ च्या आधी येते.

रांगेतला क्रमांक आणि गाडीची पाटी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. त्यासाठी पुन्हा दाभोळच्या धक्क्यावर जाऊ.

ज्या वर्षी यूडेव्हचा जन्म झाला त्याच वर्षी, २००३ साली, दाभोळ व पलीकडच्या तीरावरील धोपावे यांच्यामध्ये वाहने नेणारी फेरीबोट सुरू झाली. बोटीत चढण्यासाठी गाड्या रांगेत उभ्या राहतात. समजा, एका गाडीत औषधांच्या पेट्या ठेवायच्या आहेत आणि कोणी निरोप दिला, ‘रांगेतल्या दुसऱ्या गाडीत ठेवा.’ तेवढ्यात पहिली गाडी काही कारणाने बाजूला झाली तर? पेट्या भलत्याच गाडीत जातील. पण निरोपात गाडीच्या पाटीवरचा, ‘एमएच ०८’ ने सुरू होणारा, पूर्ण नोंदणी क्रमांक दिला असता, तर रांग कशीही बदलो, चूक झाली नसती.

‘एसडीए’, ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ ही नावे म्हणजे रांगेतले क्रमांक होत. जी चकती आधी सापडली ती ‘ए’, नंतरची ‘बी’. संगणक सुरू होताना अनेक चकत्यांचा शोध एकाच वेळी चालतो; एखादी चकती जागी व्हायला वेळ घेते; एखादा पेनड्राइव्ह आधीच खोचून ठेवलेला असतो. त्यामुळे काल जी ‘बी’ होती ती आज ‘सी’ होऊ शकते.

ह्यात बिघडले कोठे? समजा, एखाद्या शाळेत रोज संध्याकाळी संगणकातील गुणपत्रके व दाखले ‘एसडीबी’वर उतरवण्याची आज्ञा लिहून ठेवली आहे. ती आज्ञा आधी चकती संपूर्ण पुसते, मग नवी प्रत लिहिते. एके दिवशी कोणाचा तरी पेनड्राइव्ह आधी जोडलेला राहिला आणि ‘बी’ हे नाव त्याला मिळाले. त्या मुलाने वर्षभर जमवलेला प्रकल्प क्षणात पुसला जाईल, आणि संगणक एका शब्दानेही तक्रार करणार नाही. त्याने तर दिलेली आज्ञा अचूक पाळली!

ह्यावर यूडेव्हने काढलेला उपाय म्हणजे टोपणनावे. प्रत्येक चकतीला तो रांगेच्या नावाखेरीज आणखी काही नावे देतो : एक उत्पादक व अनुक्रमांक यांवरून, एक चकतीवरील मजकुराच्या मांडणीच्या ओळखअंकावरून, एक तिला दिलेल्या चिठ्ठीवरून, एक ती कोणत्या खाचेत बसली आहे त्यावरून. ही सर्व नावे त्याच चकतीकडे बोट दाखवतात. दाभोळचेच पाहा ना! बहामनी काळात त्याला मुस्तफाबाद म्हणत, युरोपीय लोक दाबुल म्हणत, गाव एकच. पाटीवरच्या क्रमांकासारखे टोपणनाव आज्ञेत लिहिले, तर योग्य चकती नसताना आज्ञा ‘सापडत नाही’ असे सांगून थांबते. चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा थांबणे केव्हाही बरे.

नाव आणि ठिकाण यांची गल्लत कशी होते, ह्याचाही दाखला येथेच आहे. १९९० नंतरच्या दशकात ‘दाभोळ वीज कंपनी’ हे नाव देशभर गाजले. पण तिचा प्रकल्प दाभोळात नव्हता! तो खाडीच्या दक्षिणेला, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात आहे. नाव ऐकून दाभोळात उतरणाऱ्याला खाडी ओलांडावीच लागेल.

मांडणी कशी करतात?

नव्या लिनक्स संगणकावर ही व्यवस्था उभी करताना पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा असतो.

१. गाभ्याने ‘सिसएफएस’ ही परिचयाची पाटी व ‘डेव्ह’ हा कप्पा मांडून द्यायचा. हे दोन्ही स्मृतीतच असतात. संगणक बंद झाला की पुसले जातात आणि सुरू झाला की नव्याने भरतात.

२. यूडेव्ह सेवकाला जागे करायचे.

३. सेवक जागा होण्यापूर्वीच काही उपकरणे हजर असतात. त्यांची वर्दी कोणी ऐकलेलीच नसते. म्हणून गाभ्याला सांगायचे, ‘हजर असलेल्या सर्वांची वर्दी पुन्हा दे.’ पहाटे कामावर आलेला बंदराचा कारकून रात्रीच नांगर टाकलेली गलबते मोजून घेतो, तसेच हे.

४. सर्व वर्द्यांचे काम उरकेपर्यंत थांबायचे.

५. मगच चकत्यांवरील फाइली वापरासाठी उघडायच्या.

तिसरी पायरी विसरली तर एक विचित्र दोष दिसतो. नंतर जोडलेले पेनड्राइव्ह चालतात. पण आधीपासून आत असलेले ध्वनियंत्र किंवा जाळ्याचे यंत्र मात्र मुके राहते, कारण त्याचा चालक कोणी बोलावलेलाच नसतो.

२०१२ साली यूडेव्ह हा ‘सिस्टिमडी’ ह्या मोठ्या व्यवस्थेचा भाग झाला. ज्यांना तो स्वतंत्र हवा होता त्यांनी त्याच वर्षी ‘ईयूडेव्ह’ ही शाखा काढली. अगदी लहान यंत्रांत ‘एमडेव्ह’ नावाचा छोटा सेवक पुरतो. तुमच्या घरी अँड्रॉइड फोन असेल तर त्यातही लिनक्सचाच गाभा आहे. तेथे हे काम ‘यूइव्हेंटडी’ करतो.

सेवकाच्या मर्यादा

यूडेव्ह हुशार असला तरी त्याच्या काही मर्यादा ओळखून असावे.

पहिली, उपकरण स्वतःविषयी जे सांगेल तेच तो खरे मानतो. काही स्वस्त उपकरणांना अनुक्रमांकच नसतो, काहींवर सर्वांचा एकच असतो. एका चकतीची हुबेहूब प्रत दुसरीवर काढली तर दोघींचा मांडणीचा ओळखअंकही सारखाच होतो.

दुसरी, उपकरण लबाडही असू शकते. पेनड्राइव्हसारखी दिसणारी वस्तू ‘मी कळफलक आहे’ असे सांगून आपणच अक्षरे टंकू शकते, हे २०१४ साली जर्मनीतील कार्स्टन नोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. म्हणून रस्त्यात सापडलेला पेनड्राइव्ह ‘आत काय आहे पाहू’ म्हणून संगणकाला लावू नये.

तिसरी, ‘गेले’ ही वर्दी उपकरण गेल्यानंतरच मिळते. वेग वाढावा म्हणून लिनक्स लिहिण्याचा मजकूर काही काळ स्मृतीत धरून ठेवते. तेवढ्यात पेनड्राइव्ह उपटला, तर माल उतरत असतानाच गलबताचा दोर कापल्यासारखे होईल. म्हणून आधी पडद्यावर ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना निवडावी, मग हात लावावा.

करून पाहा

शाळेत लिनक्स असलेला संगणक असेल तर शिक्षकांच्या परवानगीने पुढील प्रयोग करा. ह्यात फक्त पाहायचे आहे, काही बदलायचे नाही. आज्ञा देण्याची खिडकी उघडून ‘यूडेव्हअॅडम मॉनिटर’ ही आज्ञा रोमन अक्षरांत, दोन शब्दांत लिहा. मग पेनड्राइव्ह जोडा. वर्द्यांच्या ओळी भराभर पडद्यावर उमटतील. प्रत्येक वर्दी दोनदा दिसेल : एकदा गाभ्याची, एकदा यूडेव्हचे काम झाल्याची. दोहोंच्या वेळांतील अंतर वहीत लिहा.

नंतर ‘डेव्ह’ कप्प्यातील ‘डिस्क’ ह्या उपकप्प्यात पाहा आणि आपल्या पेनड्राइव्हला किती टोपणनावे मिळाली ते मोजा. आता दोन पेनड्राइव्ह घ्या. प्रथम एका क्रमाने जोडा, मग दोन्ही सुरक्षितपणे काढून उलट क्रमाने जोडा. कोणती नावे बदलली? कोणती तशीच राहिली? जी तशीच राहिली, त्यांच्यावरच आपल्या मोलाच्या वस्तूंचा भरवसा ठेवावा.